जर्मनीला जायचं सामान

१२ जानेवारी, रविवार

सम्राटचा फोन आला. स्टुटगार्टला घर मिळालं एकदाचं. दोन वर्षं पोरगा दुसऱ्यांबरोबर एका खोलीत राहत होता. तिकडं म्हणे भाड्याचं घर म्हणजे नुसत्या भिंती, ओट्यासकट सगळं आपलं आपण आणायचं. म्हणून इथलं सामान जहाजानं पाठवायचं आणि ते पोचायच्या बेतानं प्रज्ञानं विमानानं जायचं, असं ठरलं.

"सामान नेणारी कंपनी तू शोध आई," म्हणाला. "तुझ्यासारखी चौकशी कुणाला जमायची नाही."

खोटं नाही ते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजला गेली माझी. कुठल्या कामासाठी कुणाला गाठायचं आणि किती वेळा गाठायचं, हे मला शिकवायला नको. सम्राटचे वडील गेल्यापासून या घरात चौकशी करण्याजोगं काही घडलंच नव्हतं. आज अंगात जोर आल्यासारखं वाटलं. तो बिचारा गाडीत बसूनच बोलत होता. हल्ली नेहमी गाडीतूनच फोन करतो. घरी जाईपर्यंत थकून जात असेल.

प्रज्ञा भाकरी थापत होती, तिला सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "घराचा फोटो पाठवलाय का?"

फोटोचं माझ्या लक्षातच आलं नाही. पण एवढी बातमी ऐकून ही फोटो विचारते. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष काय ते दोघं एकत्र राहिले. दुसरी असती तर नाचली असती. ही पहिल्यापासून अशीच, थंड.

१८ जानेवारी

केडगावच्या बायपासला सामान हलवणाऱ्यांचं ऑफिस आहे, तिथं जाऊन आले. तिथला माणूस हसला. "बाई, आमची गाडी पुण्याला जाती, मुंबईला जाती, लई झालं तर हैदराबाद. समुद्रात कशी घालू?" पण भला होता. पुण्याच्या एका कंपनीचा नंबर दिला.

२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या कंपनीचा माणूस सामान बघायला आला. श्रीमंत नाव. वागायला साधा, बोलायला अदबशीर, मला मावशी म्हणतो. वजनावर हिशोब नसतो म्हणे, किती जागा व्यापते त्यावर असतो. टेप लावून त्यानं सगळं मोजलं. सागवानी टेबल आणि खुर्च्या, प्रज्ञाचं शिलाई मशीन, लोखंडी कपाट, भांड्यांचे डबे, ह्यांची पुस्तकं, सम्राटचा कॅरम. काळा मसाला, लोणचं, पापड यातलं काही जाणार नाही म्हणाला. लाकडी खोकं केलं तर त्याला औषधाची धुरी द्यावी लागते. मी सगळं विचारून घेतलं. बोट बुडाली तर काय, हेही विचारलं. त्याचा विमा असतो.

जाताना त्यानं प्रज्ञाला विचारलं, "ताई, तुमचं तिकीट कधीचं आहे?"

"ते त्यांना माहीत," ती म्हणाली.

परक्या माणसासमोर असं उत्तर देतात का? तो गेल्यावर मी बोलले तिला. तिनं ऐकून घेतलं आणि चहाचे कप विसळायला गेली.

९ फेब्रुवारी

श्रीमंतनं भाव कळवला. सम्राट म्हणाला जास्त आहे, निदान तीन कंपन्या बघ. वडिलांवर गेलाय. तेही साधा पंखा घ्यायचा तर कापड बाजारापासून सावेडीपर्यंत सगळी दुकानं पालथी घालायचे.

१ मार्च

मुंबईच्या कंपनीचं मोबाईलवर झालं. रेश्मा नावाची मुलगी समोर, आणि मी फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरले. पलंगाखालचंसुद्धा दाखवलं. मुलगी हुशार. तिकडं सामान कितव्या मजल्यावर चढवायचं, लिफ्ट आहे का, दारात ट्रक उभा राहतो का, हे आधी लागतं म्हणाली. त्यावरही भाव बदलतो.

सम्राटला लगेच विचारलं. दुसरा मजला, लिफ्ट आहे. रेश्माला तसं कळवलं.

संध्याकाळी प्रज्ञा लॅबमधून आली. ती सावेडीच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. म्हटलं, तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. "हो का?" म्हणाली. मग जरा वेळानं, "आई, खिडकीतून काय दिसतं विचारलं का तुम्ही?" मला वाटलं थट्टा करते. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

९ मार्च

मुंबईची कंपनीही सम्राटला नको. नेटवर त्यांच्याबद्दल कुणी तरी वाईट लिहिलंय, कपबशा फुटल्या म्हणून. मी म्हटलं आपल्याकडं कुठं कपबशा आहेत, आपली सगळी स्टीलची. तर म्हणाला, आई, प्रश्न विश्वासाचा आहे.

बरोबरच आहे त्याचं. पण रेश्माला नाही सांगताना वाईट वाटलं.

१६ मार्च, रविवार

आज प्रज्ञावर ओरडले. लिहून ठेवते, कारण नंतर मलाच वाटेल की एवढं काही बोलले नव्हते.

तिच्या लॅबला महिनाभर आधी सांगावं लागतं. जहाजाचं ठरलं की धावपळ होईल आणि ही नोटिशीत अडकेल, म्हणून मी कधीची मागं लागलेय की राजीनामा दे. आज ती म्हणाली, "तिकीट तरी होऊ दे ना आई. मग लगेच देते."

मी म्हटलं, "तुला जायचंच नाही. तिकडं तो एकटा हातानं करून खातोय, आणि तू इथं दुसऱ्याची रक्तं तपासत बसलीस. मला दिसत नाही का? एवढं सामान बांधायचं आणि तुझा एका वस्तूला हात लागत नाही. त्याला काय वाटत असेल?"

"त्यांना काय वाटतं ते तुम्ही विचारलं का?"

"मला विचारायची गरज नाही. मी आई आहे त्याची."

ती खोलीत गेली आणि फोनवर राजीनामा लिहून मॅडमना पाठवला. बाहेर येऊन मला दाखवलासुद्धा. मला बरं वाटलं. रात्री तिच्या आवडीची मेथीची भाजी केली.

१८ मार्च

सम्राटला राजीनाम्याचं सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येईना, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाला, "कशाला एवढी घाई केलीत?" तिचा पगार बुडेल म्हणून काळजी वाटली असणार. मी म्हटलं, अरे, आता तू आहेस की तिला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात गेलो दोघी, पांढऱ्या साड्या नेसून. सगळ्यांनी विचारलं, कधी जायचं? मी म्हटलं, कंपनी ठरली की. प्रज्ञानं पुढं होऊन सगळ्यांना खीर वाटली. लॅबचा तिचा शेवटचा दिवस परवाच झाला. तिथली मैत्रीण अश्विनी आली होती, दोघी पायरीवर बसून बराच वेळ बोलत होत्या. मी जवळ गेले तशा थांबल्या.

श्रीमंतनं भाव कमी केलाय. आता त्याला सम्राटची सही आणि तिकडच्या घराचा पूर्ण पत्ता हवाय, त्याशिवाय तिकडचे कस्टमवाले माल सोडत नाहीत. सम्राट म्हणतो पाठवतो.

२० एप्रिल

पाठवतो म्हणाला.

२७ एप्रिल, रविवार

श्रीमंतचा फोन. जर्मनीत त्यांचा जो माणूस सामान उतरवतो, त्यानं सम्राटला फोन करून जिन्याची चौकशी केली. सम्राटनं त्याला सांगितलं, चौथा मजला, लिफ्ट नाही, मोठं सामान येणारच नाही.

मी म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. दुसरा मजला, लिफ्ट आहे.

"मावशी," श्रीमंत म्हणाला, "एकदा मुलाशी निवांत बोलून घ्या. सामानाचं नाही. असंच."

मला राग आला. दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेलेला माणूस, त्यानं मला माझ्या मुलाशी कसं बोलायचं ते सांगावं? भाव कमी करावा लागला म्हणून उत्साह गेला असेल त्याचा.

घर बदललं असेल सम्राटनं. तिकडं असं चालतं. प्रज्ञाला मात्र हे सांगितलं नाही.

४ मे

सम्राटच्या म्हणण्याप्रमाणे सामान कमी करत आणलं. आधी टेबल काढलं, मग कपाट, मग शिलाई मशीन. आज पुस्तकंही नको म्हणाला. आता चार खोकी उरली, त्यातही निम्मी प्रज्ञाचे कपडे. मी म्हटलं, एवढ्यासाठी जहाज कशाला रे? म्हणाला, तेच तर म्हणतोय आई, जरा थांबू.

आता मला कळेनासं झालंय. जानेवारीत घाई त्याचीच होती.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. मिरजगावहून व्याही आले, प्रज्ञाचे वडील भिमाजी. तुरीची डाळ आणि हुलगे घेऊन. लेक जाणार म्हणून भेटून जावं या विचारानं आलेले. जेवण झाल्यावर पान लावता लावता म्हणाले, "मग इहीनबाई, पोरीचं कदी निघायचं?"

"कंपनीचंच अडलंय. ती ठरली की झालं."

"चार म्हैने झालं की हो. आमच्याकडं बाजारात बैल घ्यायचा तरी येवडा टाइम लागत न्हाई. दात बघायचं, चालवून बघायचं, झालं."

"हे परदेशाचं काम आहे, बैलाचं नाही."

"व्हय, तेबी खरंच," म्हणाले. निघताना प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. ती म्हणाली, "दादा, गाडी चुकेल तुमची." त्यांचा चेहरा बघवेना मला. पण मला बैलाचं बोलणं लागलंय. माझ्या सम्राटला बाजारातल्या मालासारखं तपासायचं का यांनी?

१ जून, रविवार

काय झालं ते क्रमानं लिहिते.

काल मी माझ्याच बचतीतून श्रीमंतला आगाऊ रक्कम देऊन टाकली. चार खोकी तर चार खोकी. न्हावाशेवाहून पंधरवड्यात जहाज होतं. म्हटलं सम्राटला निर्णय घेता येत नाही, जबाबदारी वाटते, तर आपणच ओझं कमी करावं. आज त्याला फोन लावला, समोर प्रज्ञाला बसवलं, आणि आवाज मोठा ठेवला. म्हटलं, "कंपनी ठरली बरं का. पैसे दिले मी. आता पत्ता सांग आणि हिचं तिकीट काढ."

तो चिडला. एवढा चिडलेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. कुणी सांगितलं होतं, मला विचारायचं नाही का, तुला काही कळतं का.

प्रज्ञानं माझ्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी येऊ की नको, एवढंच सांगा."

तो पुन्हा पैशांवर आला.

"हो किंवा नाही."

"आईला फोन दे," तो म्हणाला.

तिनं फोन मला दिला आणि समोरच बसून राहिली. मी आवाज कमी करायला गेले, पण बोटानं जमेना.

"आई, इकडं एक मुलगी आहे. दीड वर्ष झालं. मी सांगणारच होतो. हे घर आमचं दोघांचं आहे. तू प्रज्ञाला समजावून सांग. तुझं ऐकते ती."

मला एवढंच सुचलं, "कितवा मजला आहे रे?"

"काय?"

"काही नाही," म्हटलं.

फोन ठेवल्यावर बघते तर प्रज्ञा उठून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती.

४ जून

दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहिते, त्यात माझी लाज राखायची नाही.

मी प्रज्ञाला थांब म्हणाले. म्हणाले, परदेशात माणूस एकटा पडतो, पाय घसरतो, वर्षभरात डोकं ठिकाणावर येईल, बाईनं धीर धरला तर संसार वाचतो. बोलताना माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता, पण बोलत राहिले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "आई, मला दिवाळीतच कळलं होतं," म्हणाली.

"कसं?"

"आधी व्हिडिओवर खोली दाखवायचे, काय शिजवलं ते दाखवायचे. मग नेहमी गाडीतूनच बोलायला लागले. घर मिळालं म्हणाले तरी गाडीतूनच. माणूस घर मिळाल्यावर पहिलं घर दाखवतो."

"मग मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मला माहीत आहे मी काय म्हणाले असते. तिलाही माहीत आहे.

"मग नोकरी कशाला सोडलीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं बोलत होतात. मला वाटलं, कदाचित माझंच चुकत असेल. चुकावं असंच वाटत होतं मला."

तेव्हा तिला रडू आलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली, आणि मी जागची हलले नाही. उठून जवळ जायला हवं होतं. बसून राहिले.

७ जून

तिला न सांगता सावेडीला गेले, लॅबच्या मॅडमना भेटायला. म्हटलं, चूक माझी, तिला परत घ्या. मॅडम चांगल्या बोलल्या. जागा एप्रिलमध्येच भरली म्हणाल्या. प्रज्ञासारखा हात मिळत नाही, पण नव्या मुलीला मी कशी काढू? मी अजून थोडा वेळ बसले, उगाच. पेशंट यायला लागले तशी उठले.

संध्याकाळपर्यंत प्रज्ञाला कळलं, अश्विनीनं सांगितलं असणार. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला विचारलं का तुम्ही?"

"तुझ्यासाठीच गेले गं."

"राजीनामाही माझ्यासाठीच होता. आई, तुम्ही दोघं माझं सगळं आपापसात ठरवता. मी जायचं का, कधी जायचं, नोकरी सोडायची, नोकरी धरायची. आता बास." दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मी मिरजगावला जाते. बुधवारी योगेश येईल."

योगेश तिचा भाऊ.

११ जून, बुधवार

श्रीमंतला काल फोन करून जहाजाचं रद्द केलं. त्यानं कारण विचारलं नाही. आगाऊ रक्कम परत करतो म्हणाला.

आज योगेश नाक्यावरून एक छोटा टेम्पो ठरवून घेऊन आला. मला जय भीम केला आणि लगेच सामान उचलायला लागला. सामान भरायला अर्धा तास पुरला. शिलाई मशीन, तिच्या माहेरचं कपाट, तिचे कपडे, एक पातेलं. मी टेबल ने म्हटलं, तर म्हणाली, "नको, ते तुमचं आहे." बांगड्या न्यायला सांगितल्या, त्या मी लग्नात घातल्या होत्या. त्याही नको. निम्मा टेम्पो रिकामाच होता.

मी म्हटलं, "मी येते मिरजगावपर्यंत. व्याह्यांशी बोलते."

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्या पेशंटला सांगावं तसं. मग फ्रिजवरचा माझ्या गोळ्यांचा डबा उचलून आणून हातात दिला. "बीपीची सकाळी. विसरता तुम्ही."

दारात पोचल्यावर म्हणाली, "जाते मी."

आपल्यात येते म्हणायचं असतं. चुकून म्हणाली असेल, म्हणून मी जरा वाट पाहिली. ती टेम्पोत बसली, योगेशनं दार लावलं, आणि टेम्पो गल्लीतून मुख्य रस्त्याला लागला.

१५ जून

सम्राटचे फोन येतात. उचलत नाही. आज एकदा उचलला. "शांतपणे झालं ना सगळं?" म्हणाला. मी हो म्हटलं.

२९ जून, रविवार

भिंगारला जावेच्या नातवाच्या बारशाला गेले होते. तिथं कळलं, सम्राटनं सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत. प्रज्ञाच जायला तयार नव्हती म्हणून सांगतोय. म्हणे तिला माहेर सोडवेना, ऐन वेळी फिरली, आईनं किती समजावलं. जाऊबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊबाई, तुम्ही एवढ्या कंपन्या बघितल्या, एवढं पळालात. अशा मुली नांदत नाहीत. गावात दुसरं काही असेल तिचं."

ताटात जिलेबी होती, ती खाल्ली. बायका अजून बोलत होत्या आणि मी मान हलवत होते.

घरी येऊन सम्राटला फोन लावला. "असं का सांगितलंस?"

"आई, तुझीच अब्रू राहावी म्हणून."

मी विचारलं, "आणि तिची?"

तो म्हणाला, "ती काय, तिकडं गावात आहे. कोण विचारतंय."

त्याला लहानपणी शाळेत सोडायला जायची तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत मागं वळून बघायचा. हे आज का आठवलं कळत नाही. रडले. त्याच्यासाठी रडले की तिच्यासाठी, तेही कळलं नाही.

१३ जुलै, रविवार

मिरजगावला जाऊन आले.

पंधरा दिवस मनाशी घोकत होते. येऊ नका म्हणाली होती, तरी गेले. एसटी स्टँडवर उतरले, विचारत विचारत घर गाठलं. भिमाजी अंगणात बाजेवर बसले होते. त्यांचे थोरले भाऊ होते, शेजारची दोन माणसं होती. मला बघून ते उठले. "जय भीम इहीनबाई. या. बसा."

घरात गेले असते तर धीर सुटला असता. उभ्यानंच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भिमाजी, लोक काय बोलतात ते तुमच्या कानावर आलं असेल. ते खोटं आहे. प्रज्ञाचं काही चुकलं नाही. माझ्या मुलानं तिकडं दुसरं घर केलंय, दीड वर्षापासून. ती जायला तयार होती. नोकरी मी सोडायला लावली. हे मी भिंगारला, केडगावला, जिथं विचारतील तिथं सांगणार आहे. काल जाऊबाईंना सांगितलंय. आज तुम्हाला सांगायला आलेय."

शेजारचा एक जण पायातली चप्पल चाचपत राहिला. मग थोरले भाऊ म्हणाले, "बाई, ह्ये आदी कळलं असतं तर पोरगी म्हैनाभर घरात कोंडून बसली नसती. पाण्याला जायाची लाज वाटत हुती तिला."

"व्हय," भिमाजी म्हणाले. "पर आल्या. येवडं बोलल्या. न्हाई कोन बोलत."

मी विचारलं, "प्रज्ञा कुठंय?"

"पुण्याला गेली. लॅबमंदी लागली कामाला. आठ दिस झालं."

"तिचा नंबर बदललाय. लागत नाही."

भिमाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. अंगणातल्या चुलीकडं बघत म्हणाले, "जाताना सांगून गेली हाय ती. म्हनली, दादा, आई येतील. त्या आल्या की त्यांला पानी द्या, जेवू घाला, उन्हाचं परत लावू नका. पर नंबर देऊ नका."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"लई जीव हाय तिचा तुमच्यावर," ते म्हणाले. "म्हनून तर सांगून गेली. पर तिला आता तुमच्या घरातलं कायबी नको. मी तरी काय करू?"

विहीणबाईंनी, प्रज्ञाच्या आईनं, ताट वाढून आणलं. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, कांदा. मी नको म्हणणार होते. पण तिनं जेवू घाला म्हणून सांगितलं होतं. खाली बसले आणि जेवले. विहीणबाई पलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझी भाकरी संपली की त्या दुसरी आणून ठेवत होत्या, न विचारता.